खरखर नेमकी कुठली? प्रीॲम्पच्या व्हॉल्यूम कंट्रोलची दुरुस्ती

चांगला प्रीॲम्प्लिफायर पंचवीस-तीस वर्षं सहज चालतो. ट्रान्सफॉर्मर टिकतो, ट्रान्झिस्टर टिकतात, जाड पत्र्याची पेटी तर टिकतेच. पहिली तक्रार येते ती बहुधा व्हॉल्यूमच्या बटणाची, कारण अख्ख्या यंत्रात रोज घासला जाणारा भाग तोच. बटण फिरवलं की खरखर, मध्येच एक बाजू गप्प, किंवा रात्री हळू आवाजात ऐकताना गायक डावीकडे सरकलेला. कुणालाही विचारा, पहिला सल्ला मिळतो तो ‘स्प्रे मारा’ हाच. मला हा सल्ला मान्य नाही. आधी मोजावं, मग डबा हातात घ्यावा. खरखर बटणापाशी ऐकू येत असली तरी पुष्कळदा ती दुसऱ्याच जागी सुरू झालेली असते, आणि स्प्रे तिथपर्यंत पोचत नाही.

बटणामागच्या भागाला दुरुस्ती करणारे सगळे पॉट म्हणतात. त्याच्या आत सुमारे ३०० अंशांत वळलेला कार्बनचा किंवा वाहक प्लास्टिकचा पट्टा असतो. पट्ट्याच्या एका टोकाला सिग्नल येतो, दुसरं टोक ग्राउंडला जोडलेलं असतं, आणि धातूच्या बारीक बोटांचा वायपर त्या पट्ट्यावर घासत फिरतो. वायपर ग्राउंडच्या जितका जवळ, तितका सिग्नलचा लहान वाटा पुढच्या टप्प्याला जातो. स्टीरिओसाठी असे दोन पट्टे एकाच दांड्यावर एकामागे एक बसवलेले असतात. महागड्या प्रीॲम्पमध्ये वर्षानुवर्षं दिसत आलेला पॉट म्हणजे जपानच्या आल्प्स कंपनीचा आरके२७: निळा, चौकोनी, २७ मिलिमीटर रुंद, दोन पट्ट्यांचे मिळून सहा पाय. रिमोटवर चालणारा असेल तर त्याच्या पाठीला एक छोटी डीसी मोटर आणि गिअर असतात. मध्ये घसरणारा क्लच असतो, म्हणून मोटर असूनही बटण हाताने फिरवता येतं.

आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. त्यामुळे पट्ट्याचा रोध सरळ प्रमाणात वाढून चालत नाही. सुरुवातीला तो फार हळू वाढावा लागतो आणि शेवटी झपाट्याने. याला लॉग किंवा ऑडिओ टेपर म्हणतात. नेहमीच्या ऑडिओ पॉटमध्ये बटण मध्यावर असताना ग्राउंडकडचा रोध एकूण रोधाच्या जेमतेम १५ टक्के असतो, म्हणजे सिग्नल सुमारे साडेसोळा डेसिबलने कमी झालेला असतो. खरा लॉग वक्र कारखान्यात छापणं अवघड, म्हणून वेगवेगळ्या रोधाचे दोन-तीन तुकडे जोडून तो अंदाजे साधतात. त्या तुकड्यांचे सांधे डाव्या आणि उजव्या पट्ट्यावर अगदी एकाच जागी येत नाहीत.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पॉट ५० किलोओमचा असेल आणि आवाज ६० डेसिबलने खाली आणलेला असेल, तर वायपर आणि ग्राउंड यांच्यामध्ये उरतात फक्त ५० ओम. एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ५६ ओम झाले की दोन्ही बाजूंत एक डेसिबलचा फरक पडला. पन्नास हजारांत सहा ओम! म्हणून अगदी हळू आवाजात गायक थोडा सरकतो, आणि बटण वर नेलं की परत मध्यावर येतो. ही पॉटची जन्मजात मर्यादा आहे, मळ नाही. कितीही साफ केलं तरी ती जाणार नाही. ती तपासायला जुनं मोनो ध्वनिमुद्रण सगळ्यांत उत्तम. मोनोत दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच असतं, तेव्हा गळा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. बटण हळूहळू वर नेत ऐका. सरकतो कुठे आणि परत येतो कुठे, हे कानाला चटकन कळतं.

आता खरखरीकडे येऊ. तिची सगळ्यांत उपयोगी परीक्षा फुकट आहे. गाणं बंद करा, ज्या इनपुटला काहीच जोडलेलं नाही ते निवडा, आणि बटण सावकाश फिरवा. शांततेतही खरखर ऐकू आली, तर पॉटवर डीसी व्होल्टेज आहे असा दाट संशय धरावा. कारण सरळ आहे. पट्ट्यावर सिग्नलही नाही आणि डीसीही नाही, तर वायपर धुळीवरून अडखळला तरी अडखळायला तिथे व्होल्टेजच नसतं. डीसी असेल तर वायपरच्या प्रत्येक सूक्ष्म उडीबरोबर व्होल्टेज उडी मारतं, आणि ती उडी पुढे वाढवली जाऊन स्पीकरपर्यंत जाते. उलट, शांततेत काही नाही पण गाणं चालू असताना बटण फिरवलं की तडतड होते, किंवा एक बाजू येते-जाते, तर पट्टा मळलेला किंवा झिजलेला असण्याची शक्यता जास्त. वायपर पट्ट्यावरून पूर्ण उचलला जात असेल, तर त्या जागी गुणगुण किंवा फट्ट असा आवाज येतो, कारण पुढच्या टप्प्याचं इनपुट क्षणभर अधांतरी राहतं.

पेटी उघडण्याआधी प्रीॲम्पच्या इनपुटला येणाऱ्या डाव्या-उजव्या केबलींची अदलाबदल करून पाहा. दोष केबलीबरोबर बाजू बदलतो का? बदलला तर प्रीॲम्पला हात लावायची गरजच नाही. चांगले स्पीकर काढून ठेवा आणि तपासणीसाठी एखादा साधा स्पीकर वापरा. डीसीची उसळी किंवा अचानक पूर्ण चढलेला आवाज ट्वीटर जाळू शकतो.

मग प्लग काढा. स्विच बंद केला एवढ्यावर भागवू नका. ट्रान्झिस्टरच्या प्रीॲम्पमध्ये पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर थोडंच व्होल्टेज उरतं, पण व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये २५०-३०० व्होल्ट नेहमीचे, आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ राहू शकतात. मल्टीमीटरने मोजून, रोधातून उतरवून, पुन्हा मोजूनच हात आत घालावा. ज्याला उच्च व्होल्टेजची सवय नाही त्याने व्हॉल्व्हचा प्रीॲम्प जाणकाराकडेच न्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

डीसीचं मोजमाप मात्र यंत्र चालू ठेवूनच होतं. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, काळा प्रोब ग्राउंडला चिमट्याने लावा, आणि एकच हात वापरून लाल प्रोब आधी पॉटच्या सिग्नलच्या टोकावर, मग वायपरच्या पायावर टेका. एक-दोन मिलिव्होल्टकडे मी दुर्लक्ष करतो. पाच-दहाच्या वर गेलं की कारण शोधायला हवं. सिग्नलच्या टोकावरच डीसी असेल तर तो मागून येतोय. अशा वेळी पॉटच्या आधीच्या कपलिंग कपॅसिटरकडे बोट जातं. या कपॅसिटरचं काम आधीच्या टप्प्याचा डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणं एवढंच. इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा असेल तर काही वर्षांनी तो गळू लागतो आणि थोडा डीसी झिरपतो. पॉट बदलूनही खरखर गेली नाही, अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा खरा दोषी हाच असतो. जागा असेल तर त्याऐवजी फिल्म कपॅसिटर घालावा. पॉट ५० किलोओमचा असेल तर २.२ मायक्रोफॅरड पुरतो. त्याची खालची सीमा दीड हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे तबल्याच्या बायाला कुठेही धक्का लागत नाही.

सिग्नलच्या टोकावर काही नाही, पण वायपरवर डीसी आहे आणि बटण फिरवताना तो कमी-जास्त होतो, असं दिसलं तर तो पुढच्या टप्प्याकडून येतोय. त्या टप्प्यात पुष्कळदा सिग्नल वाढवणारी ऑपॲम्प चिप असते, आणि प्रत्येक ऑपॲम्पच्या इनपुटला थोडा बायस प्रवाह लागतो. एनई५५३२ या प्रसिद्ध बायपोलर ऑपॲम्पचा तो साधारण २०० नॅनोॲम्पिअर असतो. वायपर रोधाच्या दृष्टीने मध्यावर असेल तर ५० किलोओमच्या पॉटमधून या प्रवाहाला साडेबारा किलोओम दिसतात, आणि तिथे अडीच मिलिव्होल्ट उभे राहतात. ओपीए२१३४ सारख्या एफईटी इनपुटच्या ऑपॲम्पचा प्रवाह पाच पिकोॲम्पिअरच्या घरात, म्हणजे चाळीस हजारपट कमी. आवाज सुधारेल म्हणून सॉकेटमधला ऑपॲम्प बदलण्याची हौस बऱ्याच जणांना असते. एफईटीच्या जागी बायपोलर बसला की त्या दिवसापासून पॉट खरखरायला लागतो, आणि बिचाऱ्या पॉटला दोष दिला जातो. म्हणून जुना प्रीॲम्प हातात आला की आधीच्या मालकाने काय काय बदललंय ते पहिल्यांदा पाहावं. मूळ ऑपॲम्प परत बसवणं हा साधा इलाज. तो शक्य नसेल तर वायपरनंतर एक कपॅसिटर आणि त्याच्या पुढे ग्राउंडला एक रोध घालून पॉटमधून डीसी प्रवाह जाणं थांबवता येतं.

डीसी नाही असं ठरल्यावरही स्प्रेची पाळी लगेच येत नाही. आधी भिंग घ्या आणि पॉटचे पाय जिथे पीसीबीला सोल्डर केलेत ती जागा तिरप्या उजेडात पाहा. बटणावरचा हाताचा जोर वर्षानुवर्षं या सहा जोडांवर पडलेला असतो. पायाभोवती केसासारखी बारीक गोल चीर दिसली की तो ड्राय सोल्डर. बटण आत दाबलं किंवा बाजूला रेटलं की आवाज बदलत असेल, तर हाच दोष जवळजवळ निश्चित. त्यातला ग्राउंडचा जोड सुटणं सर्वांत घातक. खालचं टोकच तुटलं की वाटणी बंद पडते, वायपर कुठेही असला तरी जवळपास सगळा सिग्नल पुढे जातो, आणि बटण शून्यावर ठेवूनही घर दणाणतं. असा जोड नुसता गरम करून भागवू नये. जुनं सोल्डर सकरने ओढून काढावं, फ्लक्स लावावा आणि नवं सोल्डर भरावं.

जोड ठीक असतील तर पट्ट्याकडे वळायचं. यंत्र बंद करून, वायपर आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मोजत बटण अगदी सावकाश फिरवा. इथे जुना सुईचा मल्टीमीटर डिजिटलपेक्षा सरस ठरतो. डिजिटलचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, मधली उडी निसटते. सुई मात्र वायपर अडखळला की लगेच थरथरते. बाकीचं सर्किट समांतर जोडलेलं असल्याने रोधाचा आकडा खरा येणार नाही, पण तो नको आहे. सुईची चाल गुळगुळीत आहे का, एवढंच पाहायचं.

थरथर सगळीकडे थोडी थोडी असेल तर तो मळ आणि ऑक्साइड. मुंबईत आणि कोकणपट्टीवर पावसाळ्यातली दमट, खारट हवा हे काम जोरात करते. सप्टेंबरात कुरकुरणारा प्रीॲम्प रोज वापरला की थोडा सुधारतो, कारण वायपर फिरून फिरून पट्टा आपसूक पुसला जातो. महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या यंत्राची खोड जास्त. पण थरथर एकाच जागी असेल, आणि ती जागा म्हणजे तुमचं रोजचं बटण ठेवण्याचं ठिकाण असेल, तर तिथला कार्बन झिजलाय. साफ केल्यावर चार दिवस बरं वाटेल, पुन्हा तेच.

साफ करायचं ठरलं तर द्रव काळजीने निवडा. डब्ल्यूडी-४० बिजागरीसाठी उत्तम, पॉटसाठी नाही. मागे राहिलेलं तेल धूळ धरून ठेवतं. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल मळ काढतं, पण पट्ट्यावरचं वंगणही धुऊन नेतं आणि मग झीज वाढते. कार्बन आणि वाहक प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी वंगण असलेला वेगळा क्लीनर मिळतो, डीऑक्सिटचा फेडर प्रकार हा त्यातला. आरके२७ बंद डबीसारखा असल्याने पायांजवळच्या फटीतून, बारीक नळीने, अगदी थोडंच मारावं. दांड्याच्या तोंडाशी मुळीच मारू नये. तिथे जाड ग्रीस भरलेलं असतं, आणि महागड्या बटणाला फिरवताना जो जडसर, एकसंध स्पर्श जाणवतो तो त्या ग्रीसचा. ते एकदा पातळ झालं की बटण सैल, पोकळ फिरतं आणि तो स्पर्श परत येत नाही. मारल्यावर बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा, आणि काही तास वाळू द्या. मगच वीज जोडा.

झिजलेला पॉट बदलावाच लागतो. जुन्यावरची खूण वाचा. ‘५०केए’ म्हणजे ५० किलोओम, आणि जपानी पद्धतीत ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनिअर. काही जुन्या युरोपीय पॉटवर ‘ए’ म्हणजे लिनिअर असतो, तेव्हा अक्षरावर न विसंबता मध्यावरचा रोध मोजून खात्री करावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत साधे पॉट मिळतात, पण या कामाला लागणारा पॉट अधिकृत वितरकाकडून मागवावा, कारण आरके२७ची नक्कल सर्रास विकली जाते आणि निळा रंग तिलाही असतो. जमलं तर दोन-तीन मागवा. प्रत्येकाचे दोन्ही पट्टे, विशेषतः पहिल्या पाव फेरीत, मोजून पाहा आणि ज्याची डावी-उजवी सगळ्यांत जवळ येते तो बसवा. मोजताना नुसता वायपरचा रोध न पाहता त्याचं त्या पट्ट्याच्या एकूण रोधाशी असलेलं प्रमाण पाहावं, कारण दोन पट्ट्यांचे एकूण रोधही सहसा सारखे नसतात.

जुना पॉट काढताना एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या: वाचवायचा आहे तो पीसीबी, पॉट नव्हे. सहा पाय एकदम गरम करून उपटण्याच्या नादात दुहेरी पीसीबीच्या भोकांमधला तांब्याचा मुलामा निघून येतो, आणि मग साध्या कामाचं अवघड काम होतं. त्यापेक्षा बारीक कातरीने पाय पॉटच्या बुडाशी कापावेत, पॉट बाजूला करावा आणि एकेक पाय चिमट्याने वेगळा काढावा. ६०-४०च्या सोल्डरला सुमारे ३५० अंश सेल्सिअस पुरे. भोकं सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने साफ करावीत. मोटरवाल्या पॉटमध्ये मोटरच्या तारांची ध्रुवता आधी फोटोत टिपून ठेवावी. उलट्या लागल्या तर रिमोटवर ‘वर’ दाबलं की आवाज खाली जाईल.

नवा बसवताना आधी पॅनेलवरचा नट घट्ट करावा, मग सोल्डर करावं. उलटा क्रम केला तर नट आवळताना पॉट किंचित वळतो आणि तो ताण कायमचा सहा जोडांवर राहतो. वर ज्या ड्राय सोल्डरबद्दल लिहिलं, त्याची सुरुवात पुष्कळदा इथेच झालेली असते.

सगळ्याच प्रीॲम्पमध्ये असा पॉट नसतो. पायऱ्यांच्या स्विचवर रोधांची साखळी असते तिथे एखादा रोध तुटला तर खालच्या सगळ्या पायऱ्या गप्प, आणि एका पायरीवर अचानक पूर्ण आवाज. तेव्हा असा स्विच तपासताना बटण घाईने वर नेऊ नये. १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबलच्या सहा टप्प्यांवर रिले असतील तर मिळून शून्य ते ६३ डेसिबलपर्यंतची प्रत्येक पायरी होते. एखादा रिले अडकला की काही ठरावीक पायऱ्यांवरच गडबड दिसते आणि त्या पायऱ्यांवरून नेमका रिले ओळखता येतो. पीजीए२३११ सारख्या चिपवर आवाज अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो आणि बटणामागे असतो फक्त एन्कोडर. बटण उजवीकडे फिरवूनही आवाज मध्येच खाली जात असेल तर एन्कोडरचे संपर्क मळलेत. तिथे संगीताचा सिग्नल नसतो, तेव्हा बाजारातला चांगल्या प्रतीचा कोणताही एन्कोडर चालतो, फक्त एका फेरीतल्या पायऱ्यांची संख्या जुळली पाहिजे. जपानच्या अक्युफेझने तर पॉट सोडूनच दिला. त्यांच्या आवा पद्धतीत सिग्नल १६ वेगवेगळ्या वजनांच्या प्रवाहांत बदलतात आणि हवे तेवढे प्रवाह एकत्र करतात. पायऱ्या होतात ६५,५३६. मला यातली कल्पकता फार आवडते.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना बटण शून्यावर, साधा स्पीकर, आणि वायपरवर पुन्हा एकदा मिलिव्होल्टची तपासणी. मग एखादा २०० हर्ट्झचा स्थिर सूर लावून दोन्ही बाजूंचं एसी व्होल्टेज चार-पाच जागी मोजा. साध्या मल्टीमीटरची एसी मोजणी काहीशे हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते, म्हणून हा सूर.

आणखी एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. नेहमीच्या ऐकण्याच्या पातळीला बटण कुठे असतं? सीडी प्लेयर सुमारे २ व्होल्ट देतो, पुष्कळ पॉवर ॲम्प एक-दीड व्होल्टलाच पूर्ण ताकदीला पोचतात, आणि मध्ये प्रीॲम्प आणखी चारपट वाढवतो. मग बटण कायम घड्याळातल्या आठ-नऊच्या जागी अडकून राहतं. तिथे पॉटची डावी-उजवी सगळ्यांत कमी जुळते, आणि झीजही त्याच इवल्याशा पट्टीवर होते. पॉवर ॲम्पच्या इनपुटला दोन रोधांचा १० ते १५ डेसिबलचा ॲटेन्युएटर बसवला की बटण अकरा-बाराच्या जागी येतं. गायक मध्यावर राहतो, आणि झीज पट्ट्याच्या जास्त रुंद भागावर वाटली जाते. दोन रोधांची किंमत काही रुपये.